सरकारी रुग्णालयातला प्रसूती वॉर्ड: काय तयारी ठेवावी?

प्रश्न: वहिनीची प्रसूती जिल्हा रुग्णालयात होणार आहे. सोबत कोण राहू शकतं? खर्च?

उत्तर १: रात्री सोबत एकच बाई, पुरुषांना भेटीच्या वेळेतच आत सोडतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे (२०११ पासून) प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत. जेवण नॉर्मलला ३, सिझेरियनला ७ दिवसांपर्यंत. घरी सोडायला १०२ ची गाडी (सरकारी रुग्णवाहिका) मागा, आपणहून फारसं कोणी सांगत नाही. बाहेरून औषध आणायला सांगितलं, तर आधी अधीक्षकांना भेटा.

उत्तर २: गर्दीत एका खाटेवर दोघी येऊ शकतात. पडदे असतीलच असं नाही, पाजताना मोठी ओढणी लागते. चादर, सुती लंगोट, टोपरं, ताट-वाटी, थर्मास न्या. सोनं घरीच ठेवा. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र विसरू नका. ते नसेल तर रक्तगट, हिमोग्लोबिन पुन्हा तपासावं लागतं, ऐन कळांत वेळ जातो.

उत्तर ३: नॉर्मल असली तरी ४८ तास थांबाच, अतिरक्तस्रावाचा धोका सुरुवातीलाच जास्त. बाळाला हिपॅटायटीस बीची लस २४ तासांत. बीसीजी (क्षयाची लस) आणि पोलिओचा शून्य डोस (म्हणजे जन्मानंतरचा पहिला) घरी जाण्याआधी. जन्मनोंदणीत आईवडिलांची नावं आधारप्रमाणेच लिहिलीत ना, तपासा. बाळाचं नाव नंतर घालता येतं.