नवा ॲम्प घेऊ की नवे स्पीकर? पैसे एकाच वस्तूपुरते आहेत

रातवा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे बाबांचा जुना स्टीरिओ ॲम्प (आवाज वाढवून स्पीकरला पाठवणारा डबा) आहे, दर चॅनेलला, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, ३५ वॅटचा. सोबत त्याच काळातले दोन लाकडी स्पीकर: खाली खालच्या सुरांचा ८ इंची वूफर, वर वरच्या सुरांचा छोटा ट्वीटर. सगळा संच माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. फोनमधून वायर काढून ॲम्पच्या मागे ऑक्समध्ये घातली आहे. (आधी रिकामी दिसली म्हणून फोनोच्या भोकात घातली होती. असा काही फाटका, घुमणारा आवाज आला की मांजर दोन दिवस त्या खोलीकडे फिरकली नाही.)

मी ऐकते रात्री, मुलगी झोपल्यावर. म्हणजे आवाज अगदी बारीक. आता तक्रारी.

डावा स्पीकर मधूनच गप्प होतो. आधी खरखरतो, मग आवाज लांब गेल्यासारखा होतो, मग काहीच नाही. नॉब वर नेला की परत येतो, आणि नंतर कमी केला तरी बराच वेळ टिकतो. त्यामुळे रोज रात्री पहिल्या गाण्याला एक दणका द्यावा लागतो आणि आतल्या खोलीत मुलगी कूस बदलते.

बेस गिटारची जाड तार सोफ्यावर बसून ऐकूच येत नाही. वरचे सूर येतात, तो एक खालचा सूर आला की गाण्याला खड्डा पडल्यासारखं होतं. पाणी प्यायला उठले आणि भिंतीशी उभी राहिले की तोच सूर पोटात घुमतो!

आणि उजव्या स्पीकरमध्ये काही काही सुरांना फरफर होते, पतंगाचा कागद वाऱ्यावर वाजावा तशी.

भाऊ म्हणतो, ३५ वॅटमध्ये काय होतंय, १०० वॅटचा ॲम्प घे. त्याचा मित्र म्हणतो, आधी चांगली महागातली वायर घाल. नवरा म्हणतो, हे सगळं काढ आणि साउंडबार लाव. साउंडबार मला नको आहे, हट्ट समजा. एकच काहीतरी घेता येईल. काय घेऊ?

एक_कान

स्पीकर. मी कुणालाही हेच सांगतो. दहा हिस्से पैसे असतील तर सहा-सात स्पीकरला, बाकीच्यात ॲम्प आणि उरलंसुरलं. चांगल्या चालणाऱ्या दोन ॲम्पमधला फरक ऐकायला कान टवकारावे लागतात. स्पीकरमधला फरक शेजारच्या खोलीतून कळतो.

भावाला सांगा, ३५ चे १०० वॅट केल्याने जेमतेम साडेचार डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट, म्हणजे ३५०. रात्रीच्या तुमच्या आवाजाला तर अर्धा वॅटही खर्च होत नसेल.

आणि ॲम्पवर लाउडनेस, बास, ट्रेबल जे काही असेल ते सगळं मधोमध किंवा बंद. मूळ रेकॉर्डिंग जसं आहे तसं ऐका.

कथील

ताई, थांबा, काहीच घेऊ नका. मी जुने ॲम्प दुरुस्त करतो, तुमची पहिली तक्रार आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येते.

बारीक आवाजात जातो आणि मोठ्या आवाजात परत येतो, म्हणजे कुठेतरी धातूचा एखादा संपर्क काळा पडलाय. त्या काळ्या थरातून थोडा व्होल्टेज जात नाही, जास्त दिला की थर भेदून जातो. ॲम्प जळला असता तर नॉबला असा भीत नसता. संशयित दोन. समोर 'स्पीकर ए', 'स्पीकर बी' अशी बटणं आहेत का? त्यांचे संपर्क. किंवा आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ॲम्प चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी जो 'टक' करतो तो.

आधी एवढं करा. ॲम्प बंद करून, प्लग काढून, ए आणि बी दोन्ही बटणं तीस-तीस वेळा दाबा. व्हॉल्यूमचा नॉबही या टोकापासून त्या टोकापर्यंत तितक्याच वेळा फिरवा. हसू नका, घासून घासून संपर्क साफ होतात. पुन्हा चालू करण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर आणा.

तरी गेला तर ॲम्पच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसात बदला, अर्थात ॲम्प बंद असताना. आता उजवा गप्प होऊ लागला तर दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्याही आधी. डावाच गप्प होत राहिला तर स्पीकर नाहीतर त्याची वायर. ॲम्पकडे बोट गेलं तर वायरी पूर्ववत करून फोनकडून मागे येणाऱ्या वायरीच्या लाल-पांढऱ्या पिना आपसात बदलून बघा. दोष बाजू बदलतो तर फोन किंवा ती वायर, नाही बदलत तर ॲम्प नक्की. झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) काही काळ भरलेले असतात.

फरफरीसाठी उजव्या स्पीकरची जाळी काढा आणि वूफरच्या कडेची गोल रिंग बघा. फोमची आहे की रबराची? बोटाने हलकेच दाबा, काय होतं ते इथे लिहा.

फोनोचंही सांगून टाकतो. ते भोक तबकडीच्या सुईसाठी असतं. तिथे आलेला आवाज आत साधारण शंभरपट वाढवतात आणि खालचे सूर मुद्दाम आणखी उचलतात. फोन तिथे घातल्यावर मांजर पळणारच.

फूटपट्टी

खोलीची लांबी किती, आणि सोफा कुठे आहे? मधोमध का?

रातवा

आत्ता टेप लावून मोजलं. स्पीकर ज्या भिंतीशी आहेत तिथून समोरच्या भिंतीपर्यंत ४.२ मीटर. सोफा... हो, मधोमध. मागून जायला वाट ठेवली आहे. मी कुठे सांगितलं होतं?

फूटपट्टी

त्या खड्ड्याने सांगितलं. :)

आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा: ३४३ भागिले ८.४, साधारण ४१ हर्ट्‌झ. या कंपनाला तुमची खोली स्वतःच बोलते. दोन्ही भिंतींशी दाब जास्तीत जास्त, बरोबर मध्ये जवळपास शून्य. आणि चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्‌झ. नेमका तोच सूर तुमच्या सोफ्यावर मरतो आणि भिंतीशी पोटात घुमतो. स्पीकर बदला, ॲम्प बदला, तो सूर तिथेच मरणार.

सोफा अर्धा मीटर मागे सरकवा. मागच्या भिंतीपासून कान १.६ मीटरवर आले तर पुष्कळ. अगदी भिंतीला टेकवू नका, मग सगळंच घुमेल. स्पीकर कोपऱ्यात असतील तर थोडे बाहेर काढा. दोघांमधलं अंतर आणि त्यांच्यापासून तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं ठेवा. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला.

वायरीबद्दल: पाच मीटर वायर, जाऊन-येऊन दहा मीटर, दीड चौरस मिलिमीटरचं साधं तांबं, एकूण रोध ओमच्या नवव्या हिश्शाएवढा. स्पीकर ८ ओमचा. मित्राला चहा पाजा आणि विषय बदला.

एक_कान यांच्याशी एका बाबतीत मी सहमत नाही. आवाज बारीक झाला की कानाला खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात. फ्लेचर आणि मनसन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं, आणि लाउडनेसचं बटण त्यासाठीच जन्माला आलं. रात्री साडेदहानंतर बारीक आवाजात ऐकणारी व्यक्ती हीच त्या बटणाची खरी गिऱ्हाईक. खुशाल दाबा.

एक_कान

बारीक आवाजात दाबा, ठीक. पण लोक ते एकदा दाबतात आणि दिवसा मोठ्या आवाजातही तसंच ठेवतात, माझा राग त्याच्यावर आहे.

रातवा

तीन दिवसांनी येतेय, कारण वेळ रात्रीच मिळतो.

बटणं तीस-तीस वेळा दाबली. नवरा दारात उभा राहून मोजत होता. त्या रात्री डावा एकदाही गेला नाही, काल एकदा गेला, पण नॉब किंचित हलवल्यावर आला. वायरी बदलून पाहिल्या तेव्हा उजवा गप्प झाला, पिना बदलल्या तरी बाजू तीच. म्हणजे ॲम्प.

सोफा सरकवला. मागची वाट आता एका माणसाची झाली आहे, कपडे वाळत घालायला जाताना पोट आत घ्यावं लागतं. पण तो सूर! इतकी वर्षं मला वाटत होतं की गाणंच तसं आहे.

आणि जाळी. दोन्ही काढल्या. उजव्या वूफरची रिंग फोमची. हलकंच दाबली तर बोट आरपार. करकर नाही, काही नाही, ओल्या राखेत गेल्यासारखं. बोटाला काळपट चिकट भुकटी लागली, ती साबणानेही लगेच निघेना. खालच्या बाजूला चार बोटं लांब फट आहे. डाव्याची रिंग दिसायला धड आहे, पण नख लावलं तर खळगा पडला तो भरलाच नाही. आता तरी नवे स्पीकर घ्यावेच लागणार ना?

कथील

अजून नाही. दोन्ही हात वूफरच्या कागदावर (रिंगच्या आतला शंकू) पसरून, सगळीकडून सारखा दाब देत, तो हळूच आत ढकला आणि सोडा. आतून खसखस ऐकू येते का? येत नसेल तर कागदामागची, त्याला हलवणारी तारेची कॉइल शाबूत आहे, मेलाय तो फक्त फोम. फोम वीसेक वर्षांत असा विरतोच, वापरा नाहीतर झाकून ठेवा. रबराचं तसं होत नाही.

नव्या रिंगा सुट्या मिळतात, डिंकासकट. दोन्ही स्पीकरच्या बदला, एकीकडे नवी आणि एकीकडे जुनी असं नको. मागवण्याआधी कागदाचा बाहेरचा व्यास आणि लोखंडी चौकटीवर रिंग जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजा. '८ इंची' एवढ्यावर मागवलं की हमखास चुकीची येते.

वूफर काढताना कुठली वायर प्लसला होती ते टेपवर लिहून चिकटवा. जुना फोम आणि डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. इथेच सगळा वेळ जातो, घाई केली की कागद फाटतो. नवी रिंग आधी कागदाला चिकटवा आणि रात्रभर राहू द्या. चौकटीला चिकटवताना कागद बरोबर मध्ये हवा. डिंक ओला असताना दर दोन मिनिटांनी हळूच दाबून बघा, खसखस आली की केसभर सरकवा.

शेवटी दीड व्होल्टचा सेल घ्या. सेलचा प्लस वूफरच्या प्लसला, मायनस मायनसला, क्षणभर टेकवा. कागद बाहेर आला पाहिजे. दोन्हीकडे तसंच. एकाचे प्लस-मायनस उलटे झाले तर खालचे सूर एकमेकांना खातील आणि तुम्ही पुन्हा सोफा सरकवत बसाल.

रातवा

खसखस नाही! रिंगा मागवल्या.

रातवा

झालं. डिंक काढायला दोन रात्री, चिकटवायला एक. डाव्याला पहिल्या फटक्यात कागद वाकडा बसला, खसखस आली, पुन्हा उचलला. सेल टेकवला तेव्हा मुलगी जागी होती. कागद टपकन बाहेर आला तर म्हणाली, "त्याने जीभ काढली." मग तिला वीस वेळा करून दाखवावं लागलं.

फरफर गेली. लाउडनेस रात्री दाबते, सकाळी काढते, एक_कान यांनी निश्चिंत असावं. नवीन भानगड म्हणजे त्या जाड तारेच्या सुराला कपाटाची काच वाजते. दाराच्या कडेला आतून फेल्टची पट्टी चिकटवली आहे.

भावाने विचारलं, पैसे उरले ना, मग आता १०० वॅटचा घे. डावा चॅनेल आठवड्यातून एकदा तरी जातोच, तेव्हा आधी रिले. कथील, झाकणावरच्या फटींतून तो दिसतोय, पारदर्शक डबीतला. त्यावरचा नंबर टॉर्च मारून लिहून घेतला तर चालेल ना, की काढूनच आणावा लागतो?

कथील

नंबर चालेल. रिलेच्या कॉइलचा व्होल्टेजही त्यावरच छापलेला असतो, तो तंतोतंत जुळला पाहिजे. संपर्कांचे अँपिअर जुन्याइतके किंवा थोडे जास्त. पिनांची मांडणी फोटो काढून ताडून बघा. सोल्डर मात्र हे काम करणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि ॲम्प त्याच्याकडे आहेच तर व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायला सांगा.