वरच्या मजल्यावरील घर, सोलापूरचा मे महिना आणि एसीचा निर्णय

जुळे सोलापूरकर (प्रश्न):

नमस्कार. आमचे घर जुळे सोलापुरात दोन मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. डोक्यावर थेट स्लॅब आहे आणि पश्चिमेची भिंत दुपारभर उन्हात असते. घरात ७४ वर्षांची आई, आम्ही दोघे आणि यंदा बारावीत गेलेली मुलगी असे चौघे राहतो. गेली सहा वर्षे दिवाणखान्यातील एका मोठ्या कूलरवर आम्ही उन्हाळा काढत आहोत. मात्र नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत असल्याने कूलरची टाकी भरताना जीव खालीवर होतो, आणि आईच्या खोलीपर्यंत त्याची हवा पोहोचतच नाही. रात्री बारा वाजेपर्यंत तिला झोप लागत नाही.

एका दुकानदाराने १० बाय १२ फुटांच्या त्या खोलीसाठी दोन टनांचा, थंडीत गरम हवाही देणारा एसी सुचवला आहे. माझे तीन प्रश्न आहेत. एवढ्या मोठ्या यंत्राची खरोखर गरज आहे का? वीजबिल आवाक्यात राहील का? आणि एसीच्या हवेने आईचे गुडघे अधिक दुखतील, असे नातेवाईक सांगतात, त्यात कितपत तथ्य आहे?

जुना मेकॅनिक:

दोन टन अजिबात नको. ‘टन’ हा शब्द यंत्राच्या वजनाचा नाही. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन; विजेच्या भाषेत साधारण साडेतीन किलोवॅट. आपल्या खोलीला एक टन पुरतो. स्लॅब तापणारा असल्यामुळे फार तर दीड टनाचा विचार करता येईल, परंतु त्याआधी स्लॅबवर उपाय करावा, हे माझे चाळीस वर्षांच्या कामानंतरचे मत आहे. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन थंड करून थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि दमट दिवसांत हवेतील ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. अंगाला गारवा लागतो, पण चिकचिक राहते.

इन्व्हर्टर एसी घ्यावा. त्याचा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालू किंवा पूर्ण बंद असा न राहता गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे रात्रभराच्या वापरात बचत स्पष्ट दिसते. माझ्या घरी एक टनाचा पाच तारांकित (म्हणजे कमी वीज खाणाऱ्या दर्जाचा) एसी आठ तासांत साधारण चार ते सहा युनिट घेतो. कूलर तेवढ्याच वेळात दीड युनिटाच्या आसपास. मात्र बिल पाहताना एवढाच हिशेब करू नये. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. महिन्याला दीडशे युनिटांची भर पडली आणि आपण ३०० च्या पुढे गेलात, तर वरच्या युनिटांना वरचा दर लागतो, आणि बहुतेकांना धक्का बसतो तो तेथेच.

तापमान २४ वरच ठेवावे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताना मूळ तापमान २४ अंशच असावे असा नियम आहे, तो उगाच केलेला नाही. प्रत्येक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. २६ अंश आणि वर मंद पंखा ही जोडी तर त्याहून चांगली. आणखी एक गोष्ट म्हणजे नव्या यंत्रांत गारवा निर्माण करणारा वायू बहुधा आर-३२ असतो, जो पूर्वीच्या आर-४१०ए पेक्षा पर्यावरणाला कमी घातक, पण किंचित ज्वलनशील आहे. म्हणून बसवताना पाइपातील हवा पंपाने ओढून काढणारा माणूसच बोलवावा. ‘थोडा गॅस सोडून हवा घालवतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. एसीसाठी स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवे, हे सांगायला नकोच.

पूर्व भागातील विणकर:

मेकॅनिकसाहेबांच्या म्हणण्याला माझी पुस्ती, आणि थोडा विरोधही. सोलापुरात कूलरला इतक्या लवकर निकालात काढू नये. समजा, दुपारी बाहेर ४२ अंश आहे आणि हवेत आर्द्रता केवळ १५ टक्के आहे. अशी हवा पाणी शोषून जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणजे चांगल्या हनीकोंबचा (पोळ्यासारख्या ओल्या जाळीचा) कूलर २६-२७ अंशांची हवा देतो. तोच कूलर जूनअखेर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत चालवला, तर हवा फार तर २८ पर्यंत येते आणि घर दमट होते ते वेगळेच. म्हणून ‘कूलर चालत नाही’ ही तक्रार मुंबईकराने करावी. आपल्याकडे मार्च ते मे हे त्याचेच महिने आहेत. फक्त समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावणारे स्वतःच हवा दमट करून घेतात आणि दोष यंत्राला देतात.

पाण्याचे आपले दुखणे मात्र खरे आहे. एक लिटर पाणी उडून जाताना पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता घेऊन जाते. हिशेब फायद्याचा असला तरी एका टनाइतका गारवा मिळवायला तासाला पाच लिटरच्या आसपास पाणी लागते. उजनीचे पाणी कधी येणार याची वाट पाहणाऱ्या घराला हे परवडत नाही. त्यात बोअरचे पाणी वापरले, तर क्षार बसून दोन हंगामांत जाळी दगडासारखी होते.

थोडे विषयांतर करतो. आमच्या मागावर कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून कारखान्यात आम्ही ओल टिकवण्यासाठी धडपडतो. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा प्रश्न याच्या उलट होता. दमट हवेने कागद आकार बदलत होता आणि रंग जागेवर बसत नव्हते. माणसाच्या सुखाचा विचार त्या यंत्राच्या वाट्याला नंतर आला.

आता स्लॅबविषयी. आमच्या आजोबांच्या घराला माळवद होते, लाकडी तुळयांवर हातभर मातीचा थर. भर दुपारी आत मडक्यातल्यासारखा गारवा असे. पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते आपल्याला रात्री परत देतो. संध्याकाळी आठ वाजता स्टुलावर चढून छताला आतून हात लावून पाहावा. आईंना बारापर्यंत झोप का लागत नाही, ते तेथेच कळेल. पूर्वी आम्ही सगळे गच्चीवर झोपत असू, तो याच त्रासावरचा उपाय होता. मी दोन वर्षांपूर्वी गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ताट्या बांधल्या. पडदा आतून लावून फारसा उपयोग नसतो, कारण तोपर्यंत ऊन काचेतून आत आलेले असते.

परिचारिका, होटगी रस्ता:

गुडघ्यांच्या प्रश्नाला उत्तर देते. थंड हवेमुळे सांधेदुखीचा आजार जडत नाही. आधीच दुखरे असलेले सांधे मात्र अंगावर थेट झोत आला तर आखडल्यासारखे वाटतात. झडपा छताच्या दिशेला वळवाव्यात आणि आईंची खाट झोताच्या रेषेतून बाजूला घ्यावी, एवढे पुरेसे आहे.

मला काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. झोप लागताना शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि तापलेल्या खोलीत ते उतरत नाही. हृदयाला रात्रभर त्वचेकडे जास्त रक्त पाठवत राहावे लागते. वयस्कर माणसांना तहान कमी जाणवते आणि घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी आणखी लवकर कमी होते. त्यामुळे उन्हाळ्यातील चिडचीड, गोंधळलेपणा किंवा पहाटे उठताना येणारी चक्कर याला ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. एका खोलीपुरताच एसी परवडणार असेल, तर तो दिवाणखान्यात नव्हे, आईंच्या खोलीत लावावा, आणि मुलीनेही रात्री तेथेच अभ्यास करून तेथेच झोपावे.

जुना मेकॅनिक:

गरम हवेच्या एसीबद्दल सांगायचे राहिले. तो वाईट नसतो. एक युनिट विजेत तो बाहेरच्या हवेतून ओढून तीन युनिटांच्या आसपास उष्णता घरात आणतो, त्यामुळे तारेच्या हीटरपेक्षा नक्कीच स्वस्त पडतो. पण जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेचे चार दिवस सोडले, तर आपल्याकडे खोली तापवण्यासारखी थंडी असते किती? चादरींच्या गावात त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. तेच पैसे गच्चीला लावावेत. पुढेमागे सौर पॅनेल बसवलेत, तर त्यांच्या सावलीनेही स्लॅब कमी तापतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

जुळे सोलापूरकर:

सर्वांचे आभार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गच्ची रंगवून घेतली. आठ वाजता छताला हात लावण्याची परीक्षा आधी आणि नंतर अशी दोनदा केली. पूर्वी हात मागे घ्यावा लागत होता, आता ठेवता येतो. त्यानंतर आईच्या खोलीत एक टनाचा साधा इन्व्हर्टर एसी बसवला आणि दिवाणखान्यातला कूलर फक्त दुपारी चालवतो, त्यामुळे पाण्याचा खर्च निम्म्यावर आला आहे. मेच्या बिलात १३० युनिट वाढली, पण आम्ही ३०० च्या आतच राहिलो. आई साडेदहाला झोपते.

एक शंका मात्र आहे. मेमध्ये एसीच्या नळीतून पाणी जवळजवळ पडतच नव्हते. आता पाऊस सुरू झाल्यापासून सकाळपर्यंत अर्धी बादली भरते. काही बिघाड आहे का? आणि हे पाणी वीज गेल्यावर चालणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातले तर चालेल का?

जुना मेकॅनिक:

बिघाड नाही. मेमधल्या कोरड्या हवेत काढून टाकण्याजोगी ओलच नव्हती, आता आहे. बॅटरीत मात्र ते घालू नये. कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात उतरलेले असतात. फरशी पुसायला किंवा कुंड्यांना वापरावे, आणि दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवावा.