इनोडीबीत यूयूआयडी प्रायमरी की? माझा ठाम विरोध

धागाकर्ता:
मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनात टेबल म्हणजेच प्रायमरी कीचं (प्रत्येक रोची, म्हणजे नोंदीची, एकमेव ओळख) बी-ट्री, म्हणजे क्रमाने लावलेली झाडासारखी रचना. रो कीच्या क्रमाने १६ केबीच्या पेजांत बसतात. की चढत्या क्रमाची असेल तर नवी रो शेवटच्या पेजात जाते आणि पेजं १५/१६ पर्यंत भरतात. रँडम यूयूआयडी (कुठेही तयार केला तरी एकमेव ठरणारा आयडी, त्याचा व्ही४ प्रकार) मात्र कुठल्याही पेजात घुसणार. तिथे जागा नसली की पेज फुटणार, दोन अर्धी रिकामी पेजं उरणार. शिवाय प्रत्येक सेकंडरी इंडेक्स (इतर कॉलमवरची शोधसूची) प्रायमरी कीची प्रत बाळगतो. तीच की ३६ अक्षरांच्या स्ट्रिंगमध्ये ठेवणाऱ्यांना साष्टांग नमस्कार!

एसएसडीभक्त:
कुठल्या जमान्यात आहात? ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कच्या तबकडीला अर्ध्या फेऱ्यालाच ४ मिलिसेकंद लागायचे, तेव्हा ठीक होतं; एसएसडीत तबकडीच नाही. आणि चढता आयडी यूआरएलमध्ये दिसला की दिवसाला किती ऑर्डरी येतात ते स्पर्धकाला घरबसल्या कळतं.

धागाकर्ता:
मग यूआरएलसाठी वेगळा कॉलम ठेवा की! आणि एसएसडी असली तरी २०० बाइटच्या रोसाठी अख्खं पेजच रॅममध्ये येतं. आजच्या ऑर्डरी हजार पेजांत विखुरल्या तर बफर पूल (रॅममधला पेजांचा साठा) पुरणार कसा?

हत्तीवाला:
हे दुखणं इनोडीबीचं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये रो हीपमध्ये (बिनक्रमाच्या ढिगात) मोकळी जागा दिसेल तिथे जाते. क्लस्टर कमांड एकदाच क्रम लावून देते, तेवढा वेळ टेबल पूर्ण लॉक, आणि पुढच्या इन्सर्टना (नव्या रो टाकण्याला) तो क्रम बंधनकारक नाही. रँडम कीचा मार तिथेही इंडेक्सला बसतोच म्हणा. त्यावर यूयूआयडीचाच व्ही७ प्रकार आहे: मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ (इंटरनेट मानकांचा दस्तऐवज) मधला, पहिले ४८ बिट वेळेचे, म्हणून की चढत्या क्रमाने येते. पोस्टग्रेस १८ मध्ये तर त्यासाठी तयार फंक्शनच आहे.

रिपोर्टवाली:
सगळे इन्सर्टचाच विचार करताय. आमची नेहमीची क्वेरी "या ग्राहकाच्या सगळ्या ऑर्डरी". वेळेच्या क्रमात त्याच्या ५० ऑर्डरी ५० पेजांत, म्हणजे ८०० केबी वाचायचे. प्रायमरी की (ग्राहक, ऑर्डर) अशी जोड-की केली की त्याच रो एक-दोन पेजांत.

धागाकर्ता:
म्हणजे इन्सर्ट पुन्हा विखुरले, पेजं पुन्हा फुटणार!

रिपोर्टवाली:
फुटू देत. ऑर्डर एकदाच लिहिली जाते. ग्राहक ती यादी दिवसातून दहादा उघडतो.