वेगाचा पॉट शून्यावर असूनही डीसी मोटर झटका मारते, एससीआर आपोआप फायर होतोय का?

वाइंडिंगवाला_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. वाइंडिंग मशिनला १ एचपीची डीसी शंट मोटर आहे, आर्मेचर १८० व्होल्ट, फील्डला वेगळा रेक्टिफायर. ड्राइव्ह लोकल बनावटीचा, दोन बीटी१५१ एससीआर (गेटला पल्स मिळाली की चालू होणारे स्विच) आणि दोन डायोडचा हाफ कंट्रोल ब्रिज, ट्रिगरिंगला टीसीए७८५ (पल्स बनवणारी आयसी) आणि पल्स ट्रान्सफॉर्मर. त्रास असा की शेजारच्या कंप्रेसरचा कॉन्टॅक्टर सुटला की मोटर एकदम झटका मारते, पॉट पूर्ण खाली असलं तरी, आणि वाइंडिंगची तार तुटते, अख्खी कॉइल वाया. दुसरं म्हणजे लोडवर चालू असताना पॉट झटकन शून्यावर आणलं तर कधीकधी मोटर थांबतच नाही, फिरत राहते, मेन स्विचच बंद करावा लागतो. एससीआर बदलले, ७८५ पण बदलला, फरक नाही. सगळे म्हणतात गेटला कपॅसिटर लाव. किती लावू?

पॅनेलकाका
भाऊ, कपॅसिटर नंतर, आधी हे दोन वेगळे फॉल्ट आहेत का ते बघा, मला तरी वेगळेच वाटतात. झटक्याचं बघायला आर्मेचर सोडवा आणि त्याच्या जागी १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा. मग पल्स ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या गेटच्या वायरी एससीआरवरून काढा, पण गेट मोकळं सोडू नका, गेट आणि कॅथोडमध्ये १०० ओहम लावा, थेट एससीआरच्या पायांवर. आता कंप्रेसर चालू बंद करत राहा. बल्ब लुकलुकला तर एससीआर ॲनोडकडूनच फायर होतोय, म्हणजे डीव्ही/डीटी (व्होल्टेज फार वेगाने चढणं) किंवा सरळ ओव्हरव्होल्टेज. नाही लुकलुकला तर वायरी जोडून परत बघा, तेव्हा लुकलुकला तर नॉइज गेटच्या वायरीतून किंवा कंट्रोल कार्डातून येतोय.
आणि नंबर नीट वाचा. बीटी१५१ च्या पुढे ५०० आहे की ८००? २३० व्होल्टचा पीकच ३२५ च्या आसपास जातो, त्यावर कॉन्टॅक्टरचा स्पाइक आला की ५०० वाला गेटशिवायच ब्रेकओव्हर होऊ शकतो, म्हणजे आपोआप चालू. इथे ८०० वालाच घाला.

ड्राइव्ह_मास्तर
काकांची टेस्ट बरोबर आहे. १०० ओहमचं कारण सांगतो. एससीआरच्या आत मधल्या जंक्शनला कपॅसिटन्स असतो, व्होल्टेज फार वेगाने चढलं की त्यातून करंट वाहतो आणि गेटमधून आल्यासारखंच काम करतो. डेटाशीटमध्ये बीटी१५१ ला गेट ओपन असताना किमान ५० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद दिलंय, गेट-कॅथोडला १०० ओहम लावला की तेच २०० होतं. हा आकडा १२५ डिग्रीला आहे, पार्ट तापला की तो जास्त हळवा होतो, म्हणून हीटसिंकची पेस्टसुद्धा बघा.
पॉट शून्यावर आणूनही मोटर फिरते, तो मात्र ट्रिगरिंगचा प्रॉब्लेमच नाही असं माझं ठाम मत आहे. दोन्ही एससीआरचे कॅथोड एकत्र जोडलेत का आणि आउटपुटला फ्रीव्हीलिंग डायोड (मोटरच्या उरलेल्या करंटला एससीआरबाहेरून रस्ता देणारा) आहे का, ते पाहा. तो नसेल तर पल्स बंद झाल्यावरही आर्मेचरचा करंट शेवटच्या चालू एससीआर आणि त्याच लेगमधल्या डायोडमधून फिरत राहतो, होल्डिंग करंटच्या (एससीआर चालू राहायला लागणाऱ्या किमान करंटच्या) खाली यायच्या आत पुढची पॉझिटिव्ह हाफ सायकल येते आणि तोच एससीआर ती पूर्ण पास करतो. एक एससीआर बंदच होत नाही. गेटला कितीही कपॅसिटर लावा, हे जाणार नाही.

वाइंडिंगवाला_कोल्हापूर
मास्तर, कॅथोड एकत्रच आहेत आणि फ्रीव्हीलिंग डायोड नाहीच!! लावायला जागा ठेवलीय पण रिकामी. काका, गेटच्या वायरी काढल्यावर बल्ब शांत, जोडल्या की लुकलुकतो. नंबर ५०० वाला निघाला. गेटच्या वायरी आणि पॉटच्या वायरी कंप्रेसरच्या वायरींसोबत एकाच डक्टमधून गेल्यात.

पॅनेलकाका
मग तिथेच आहे सगळं. गेट आणि कॅथोडची वायर जोडीने पिळून घ्या, जमेल तितकी आखूड, डक्ट वेगळा. पॉटला शील्डेड वायर, शील्ड फक्त कार्डाच्या बाजूला ग्राउंड करा, दोन्हीकडे नको. ७८५ च्या ११ नंबर पिनला ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरड. गेटला लावायचाच तर ०.०१ पुरे, मोठा लावला की पल्सची धार बोथट होते आणि एससीआर हळू चालू होऊन आतून जळायची भीती. कंप्रेसरच्या कॉन्टॅक्टर कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, कपॅसिटर एक्स२ टाइपचा, नॉइज जिथे होतो तिथेच मारलेला बरा.

ड्राइव्ह_मास्तर
प्रत्येक एससीआरवर स्नबर (व्होल्टेजचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) म्हणूनही हीच व्हॅल्यू चालेल. रेझिस्टर २ वॅटचा, पण वायरवाउंड नको कारण त्याला इंडक्टन्स असतो, आणि रेझिस्टरशिवाय नुसता कपॅसिटर तर मुळीच नको, एससीआर ऑन झाला की तो सगळा त्याच्यातच रिकामा होतो. डायोड १२ अँपिअर, १००० व्होल्टचा, कॅथोड प्लसला. स्कोप लावणार असाल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या, ब्रिजवर स्कोपचा ग्राउंड क्लिप डायरेक्ट लावू नका, आणि स्कोपची अर्थिंग पिन काढायचा उद्योग कुणी सुचवला तरी करू नका, जीवावर बेततं.

वाइंडिंगवाला_कोल्हापूर
डायोड लावला, पॉट शून्यावर आणलं की मोटर आता लगेच उतरते, लोडवरसुद्धा. गेट आणि पॉटच्या वायरी वेगळ्या केल्यावर कंप्रेसरचा झटकाही गेला, बल्बवर आणि मोटरवर दोन्हीकडे बघितलं. ८०० वाले बीटी१५१ मागवलेत, ते आले की स्नबर त्यांच्यासोबतच बसवतो. दोघांचे मनापासून आभार.