रग्बीवाला डॉक्टर बेडेल-सिवराइट, माहितीये का कोणाला?

रात्रपाळी: सिक्स नेशन्स (युरोपातल्या सहा देशांची रग्बी स्पर्धा) बघता बघता जुन्या प्लेअर्सचं वाचत बसलो त्यात स्कॉटलंडचा हा डेव्हिड बेडेल-सिवराइट सापडला. फॉरवर्ड (पुढच्या फळीतला प्लेअर), 22 इंटरनॅशनल मॅचेस, आणि वर डॉक्टर. आपल्याकडे एमबीबीएसच्या पोरांना जेवायला वेळ मिळत नाही, याने कसं जमवलं? आणि म्हणे किडा चावून मेला, खरंय का?

स्क्रमवाला: अरे तेव्हा रग्बीत पैसाच नव्हता, सगळे हौशी, पोटापाण्याचं वेगळं बघावंच लागायचं. मेडिकलची पोरं तर भरपूर, लंडनच्या हॉस्पिटलांचा आपसातला कप 1875 पासून चालू आहे. हा आधी केंब्रिजला. 1904 ला ब्रिटिश टीमचा कॅप्टन म्हणून ऑस्ट्रेलियात गेला, तिथे एका मॅचला रेफरीने याच्या प्लेअरला वाईट बोलला म्हणून बाहेर काढलं तर हा पठ्ठ्या अख्खी टीम घेऊन मैदानाबाहेर, वीसेक मिनिटं खेळ ठप्प! पुढे न्यूझीलंडात पाय मोडला. दौरा संपल्यावर ऑस्ट्रेलियातच राहून गुरं पाळायचं खूळ डोक्यात, ते वर्षभरात उतरलं आणि मग एडिंबरोला मेडिकल. तेव्हाही स्कॉटलंडकडून खेळतच होता.

ओपीडी_नंतर: किड्याचं खरंय पण अर्धंच. पहिल्या महायुद्धात तो नेव्हीत सर्जन होता, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर. खंदकाजवळच्या ड्रेसिंग स्टेशनला (जखमींना मलमपट्टी करायची जागा) काम करताना काहीतरी चावलं, त्याचं सेप्टिसीमिया झालं आणि 5 सप्टेंबर 1915 ला हॉस्पिटल शिपवर वारला, वय 34. समुद्रातच दफन केलं. पेनिसिलिनचा शोधच 1928 चा, त्यामुळे एकदा इन्फेक्शन रक्तात शिरलं की डॉक्टर स्वतः असून काय उपयोग.

पोटमाळा: हा 1909 ला स्कॉटलंडचा हौशी हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियनपण होता हे राहिलंच की. आणि इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात तो आपल्याच रुपयांचा बरं का, तिथला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये काढून वितळवले, झाकणावर हत्ती न् मुठींना नाग.

रात्रपाळी: भारी! एडिंबरोच्या रस्त्यात गाडीच्या घोड्याला टॅकल केल्याचा (रग्बीत धरून पाडतात तसं) किस्सापण वाचला, ते जरा जास्तच वाटतं.

स्क्रमवाला: किस्साच आहे तो, पण बाकीचं रेकॉर्ड बघता घोड्याची बाजूपण ऐकायला हवी होती 😄