शब्दचर्चा : रंगवायच्या चित्रांखालील ‘मोफत’, ‘मुक्त’ आणि ‘व्यावसायिक वापर’

प्रश्न

मी लहान मुलांसाठी रंगवायची रेखाचित्रे काढते आणि ती कोणालाही पैसे न देता उतरवून घेता येतील अशी ठेवते. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘फक्त मोफत वापरासाठी’ अशी ओळ असते. घरी प्रिंट काढावी, मुलांना द्यावी, विकू मात्र नये, एवढेच मला त्या ओळीतून सांगायचे होते. काही दिवसांपूर्वी एका शिबिराच्या आयोजकांनी यांतील चाळीस चित्रे एकत्र बांधून रंगवही तयार केली आणि प्रवेशशुल्क भरलेल्या प्रत्येक मुलाला ती भेट दिली. मी विचारणा केल्यावर, ‘वही आम्ही मोफतच दिली, म्हणजे आपली अट पाळलीच’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर मी माझीच ओळ चार वेळा वाचली, आणि प्रत्येक वेळी ती मला अधिकच डळमळीत वाटली. ‘मोफत’ऐवजी ‘मुक्त’ म्हणावे का? की ‘व्यावसायिक वापरास मनाई’ एवढे जोडल्याने काम भागेल?

पहिला प्रतिसाद

आयोजकांचा हेतू काहीही असो, व्याकरण त्यांच्या बाजूने आहे. ‘मोफत वापरासाठी’ या रचनेत ‘मोफत’ हे विशेषण ‘वापर’ या नामाला लागते, त्यामुळे वापर मोफत असावा एवढीच अट उरते आणि वहीचे वेगळे पैसे घेतले नाहीत की ती पूर्ण होते. आपल्या मनात होते ते ‘वापरासाठी मोफत’, म्हणजे ज्यात मोफत असते ते चित्र. पण नुसता क्रम बदलूनही भागणार नाही. ‘मोफत’ हा शब्द किंमत किती, या प्रश्नाचे उत्तर देतो. घेणाऱ्याला पुढे काय काय करता येईल, याविषयी तो काहीच सांगत नाही.

हा घोळ बहुधा इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाबरोबर आपल्याकडे आला असावा. त्या एकाच शब्दात ‘पैसे न पडणारे’ आणि ‘बंधन नसलेले’ असे दोन्ही अर्थ नांदतात, आणि म्हणूनच १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला आपले ‘फ्री’ म्हणजे स्वातंत्र्य, फुकटेपणा नव्हे, असे पुन्हा पुन्हा बजावावे लागले. मराठीवर ही पाळी येण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे फुकट, मोफत, विनामूल्य, निःशुल्क हे शब्द पैशाच्या अंगाने येतात आणि मुक्त, खुला, मोकळा हे बंधनाच्या अंगाने. ‘फुकट’ला ‘मेहनत फुकट गेली’मधल्या वाया जाण्याचा वास आहे, म्हणून स्वतःच्या चित्राखाली तो शब्द कोणी लिहीत नाही. ‘निःशुल्क’ सेवेला शोभतो. निःशुल्क तपासणी असते, निःशुल्क पेन्सिल नसते. ‘विनामूल्य’ आणि ‘मोफत’ यांत थोड्या औपचारिकतेपलीकडे फरक नाही.

‘मुक्त’ मात्र आपण टाळावा असे माझे मत आहे. हा शब्द समासाच्या शेवटी आला की पूर्वपदातील एकच गोष्ट नाहीशी झाल्याचे सांगतो : करमुक्त, कर्जमुक्त, रोगमुक्त. तोच सुरुवातीला आला की बंधनच उरत नाही : मुक्तछंद, मुक्तद्वार. ‘मुक्त चित्र’ असे लिहिले तर वाचणारा दुसरा अर्थ घेईल आणि चित्र विकण्यास, बदलण्यास, त्यावरील आपले नाव पुसण्यासही आपली हरकत नाही असे धरून चालेल. हक्कांची मुदत संपलेल्या किंवा निर्मात्याने हक्क जाणीवपूर्वक सोडून दिलेल्या चित्रालाच तो शब्द शोभेल. मुदत संपण्याची वाट पाहायची तर ती लांबची आहे, कारण प्रताधिकाराविषयी (कॉपीराइट) १८८६ साली झालेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या आजच्या स्वरूपानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे हक्क टिकतात, आणि अनेक देशांनी ही मुदत ६० किंवा ७० वर्षांपर्यंत नेलेली आहे. हयातीतच सारे सोडून द्यायचे असेल, तर निर्मात्यांसाठी वापराचे तयार परवाने लिहून ठेवणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे ‘सीसी झिरो’ हे घोषणापत्र त्यासाठीच आहे.

जाता जाता : ‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दानेही अनेकांची फसगत होते. तेथील ‘फ्री’ हा ‘करमुक्त’मधल्या ‘मुक्त’सारखा आहे. प्रत्येक वापरामागे स्वामित्वधन द्यावे लागत नाही एवढाच त्याचा अर्थ. चित्र घेताना एकदाच भरायची रक्कम बऱ्याचदा असतेच.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु खरा घोटाळा ‘व्यावसायिक’ या शब्दात आहे आणि त्याकडे अजून कोणी वळलेले नाही. मराठीत व्यवसाय म्हणजे धंदा आणि व्यवसाय म्हणजे पेशाही. ‘व्यावसायिक चित्रकार’ म्हणताना आपण त्या माणसाचा पेशा सांगतो, तर ‘व्यावसायिक गाळा’ म्हणताना धंद्याची जागा. आता एखादी शिक्षिका आपल्या वर्गासाठी तीस प्रती काढते. शिकवणे हा तिचा व्यवसाय आहे आणि तिला त्याचा पगार मिळतो. मग तिचा वापर व्यावसायिक ठरला का? ‘व्यावसायिक वापरास मनाई’ ही ओळ शब्दशः घेणारी एखादी भिडस्त शिक्षिका चित्र वापरणारच नाही, आणि जो शिबिरवाला वही ‘भेट’ देतो तो आपण काही विकले नाही म्हणून निश्चिंत राहील. ज्याला अडवायचे तो सुटतो आणि जिला द्यायचे ती अडते.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे मुख्य परवाने सहा आहेत आणि त्यांपैकी तिघांत अशा वापरावर बंधन आहे. तेथील व्याख्येचा आशय असा की, ज्या वापराचा मुख्य रोख व्यापारी फायद्याकडे किंवा पैशाच्या मोबदल्याकडे आहे, तो वापर वर्ज्य. ही व्याख्या वापरणारा कोण हे विचारतच नाही, ती वापराकडे पाहते. त्यामुळे मोठ्या कंपनीचाही एखादा वापर चालू शकतो आणि एखाद्या सेवाभावी मंडळाचा चालणार नाही. मराठीतील ‘व्यावसायिक’ हे विशेषण मात्र नकळत माणसाला चिकटते. म्हणून ‘व्यापारी वापर’ किंवा सरळ ‘कमाईसाठी वापर’ असे लिहावे. ‘वैयक्तिक वापर’ हाही फारसा भरवशाचा शब्द नाही, कारण त्यात घर येते हे नक्की, पण वर्ग येतो की नाही हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावे असे होते.

तिसरा प्रतिसाद

एका क्रियापदाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. अशा चित्रांखाली सर्रास ‘मोफत छापा’ असे लिहिलेले आढळते. मराठीत ‘छापणे’ या क्रियापदामागे छापखाना उभा असतो. अमक्याने पुस्तक छापले म्हणजे त्याने ते प्रकाशित केले असाच अर्थ आपण घेतो. घरच्या यंत्रावर एक कागद काढण्याला आपण ‘प्रिंट काढणे’ किंवा ‘प्रत काढणे’ म्हणतो. ‘छापा’ असे लिहिल्याने आपण नकळत वही छापण्याचेच आमंत्रण देतो. कॉपीराइटला मराठीत ‘प्रताधिकार’ हा शब्द रुळलेला आहे, त्यामुळे अट लिहितानाही ‘प्रत’ हाच शब्द ठेवला तर परवानगी नेमकी कशाची, हे वाचणाऱ्याला कळेल.

‘हक्क’ आणि ‘मुभा’ यांतही गल्लत नको. जुन्या मराठी पुस्तकांवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले असे. आज तशी ओळ नसली तरी चित्र कागदावर उतरताच हक्क निर्माण होतात, त्यासाठी नोंदणीची गरज नसते. त्यामुळे एखाद्या चित्राखाली काहीच लिहिलेले नाही याचा अर्थ ते मोकळे आहे असा होत नाही. आपण वाचकाला देता ती मुभा. हक्क आपल्यापाशीच राहतो. आणि ज्याच्यापाशी हक्क नाही त्याला मुभाही देता येत नाही. प्रसिद्ध कार्टूनमधल्या पात्रांची रेषाचित्रे काढून त्यांवर ‘मोफत’चा शिक्का मारणारे जे करतात, त्याला मराठीत हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. ‘व्यावसायिक’ या शब्दाने शिक्षिका अडेल हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. विशेषणे काढून टाकून क्रियापदांनी लिहिलेला मसुदा असा :

‘हे चित्र विनामूल्य आहे. घरासाठी आणि आपल्या वर्गासाठी त्याच्या हव्या तितक्या प्रती काढाव्यात व मुलांना द्याव्यात. चित्र किंवा त्याच्या प्रती विकण्यासाठी, इतर चित्रांसोबत वहीत बांधण्यासाठी, अथवा शुल्क आकारलेल्या उपक्रमात वाटण्यासाठी लेखी परवानगी लागेल. चित्राचे हक्क चित्रकर्तीकडे आहेत.’

मुलांनी रंगवलेल्या पानाचे छायाचित्र पालकांनी इतरांना दाखवण्याबाबत वेगळे वाक्य लिहावे का, हेही कृपया सांगावे.

दुसरा प्रतिसाद, पुन्हा

छायाचित्राबाबत अवश्य लिहावे. रंग मुलाचे असले तरी खालची रेषा आपली आहे, त्यामुळे प्रामाणिक पालकाच्या मनात शंका येतेच. ‘रंगवलेले पान दाखवण्यास हरकत नाही, सोबत चित्रकर्तीचे नाव द्यावे’ एवढे पुरे.

मसुद्यात एक छिद्र मात्र राहिले आहे. अनेक शाळाही शुल्क आकारतात, तेव्हा ‘शुल्क आकारलेल्या उपक्रमात’ या शब्दांनी ज्या वर्गाला आपण दुसऱ्या वाक्यात आत घेतले, तोच वर्ग तिसऱ्या वाक्यात बाहेर पडतो.

प्रश्नकर्ती

खरे आहे. ‘शाळेच्या नियमित वर्गाखेरीज शुल्क आकारलेल्या कोणत्याही उपक्रमात’ अशी दुरुस्ती केली आहे. ‘फक्त’ हा शब्द कोठेच उरलेला नाही, हे आता लिहिताना लक्षात आले.