सह्यांसोबत ग्रामसभेचा ठरावही हवा
"सह्या गोळा करून जुन्या जंगलाची तोड थांबते का?" असा प्रश्न आहे. नुसत्या सह्यांनी नाही थांबत, ग्रामसभेचा ठराव सोबत हवा. आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्याच कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार देतं. ते ठरावात लिहाच. आणि 'झाडं वाचवा' एवढंच म्हणू नका. कोणता मोह, कोणती चार (चारोळीचं झाड), कुठला नाला, हे म्हाताऱ्या माणसांसोबत फिरून नोंदवा. माझी आजी मोहाची झाडं नावानं ओळखायची. तसा मोह पुन्हा उभा राहायला पिढ्या जातात, रोपं लावून भरपाई होत नाही, हे अधिकाऱ्यांना तोंडावर सांगा.